प्रबंध आणि शोधनिबंध रिपॉझिटरीत ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या ग्रंथालयात रिपॉझिटरीचं टेबल सांभाळताना जे प्रश्न रोज कानावर येतात, तेच इथे लिहिले आहेत. "मॅडम, फक्त अपलोड करायचंय, दोन मिनिटांचं काम आहे," असं म्हणत लोक येतात. फाइल नीट असेल तर खरंच दोन मिनिटांत होतं. बहुतेक वेळा ती नीट नसते, म्हणून हे पान.

रिपॉझिटरी म्हणजे काय? शोधगंगा आणि ही एकच का?

एक नाही. शोधगंगा देशभरातल्या विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांसाठी आहे. ती गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं आणि तिच्यात आज ५ लाखांवर प्रबंध आहेत. विद्यापीठाची रिपॉझिटरी म्हणजे त्या विद्यापीठाचा स्वतःचा ऑनलाइन संग्रह. तिच्यात प्रबंधांबरोबर शिक्षकांचे शोधनिबंध, परिषदांतले पेपर, अहवाल, पुस्तकांतली प्रकरणं, डेटा असं सगळं राहतं, आणि जगात कुणालाही ते पैसे न भरता वाचता येतं.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची रिपॉझिटरी २००२ पासून आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने आपल्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं आणि अहवाल असेच खुले केले, तर गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शास्त्रज्ञांचे निबंध. बहुतेक ठिकाणी मागे एकच सॉफ्टवेअर चालतं, डीस्पेस. एका रिपॉझिटरीत काम जमलं की दुसरीकडे फारसं अडत नाही.

पीएच.डी.चा प्रबंध ठेवणं सक्तीचं आहे का?

हो. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून सॉफ्ट कॉपी द्यावी लागते. २०१६ च्या नियमांनी तर पदवी जाहीर होण्याआधीच ती इन्फ्लिबनेटकडे गेली पाहिजे असं सांगितलं. थोडक्यात, पदवीचं नोटिफिकेशन अडकलंय म्हणून आमच्याकडे धावत येता, तेव्हा अडकलेली असते ती बहुधा तुमचीच फाइल. शिक्षकांच्या निबंधांना अशी सरसकट सक्ती नाही. मात्र केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान किंवा विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा (डीबीटी, डीएसटी) निधी घेतला असेल, तर त्यांच्या डिसेंबर २०१४ च्या धोरणानुसार निबंधाची स्वीकृत प्रत खुल्या रिपॉझिटरीत ठेवायची असते. निधी मंजूर झाल्याचं पत्र पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा.

जर्नलमध्ये छापून आलेला निबंध इथे ठेवला तर प्रकाशक भांडणार नाही का?

तुम्ही कोणती प्रत ठेवता यावर ते अवलंबून आहे. एका निबंधाच्या तीन प्रती असतात. पहिली तुम्ही जर्नलला पाठवलेली, म्हणजे प्रीप्रिंट. दुसरी परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून तुम्ही परत पाठवलेली आणि संपादकांनी स्वीकारलेली. तिसरी प्रकाशकाने मांडणी करून, लोगो आणि पानक्रमांक घालून काढलेली पीडीएफ. बहुसंख्य मोठे प्रकाशक दुसरी प्रत रिपॉझिटरीत ठेवू देतात, कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. तिसरी सहसा देत नाहीत. आणि लोक आमच्याकडे घेऊन येतात ती नेमकी तिसरी!

कारण सरळ आहे. ती डाउनलोडमध्ये पडलेली असते आणि देखणी दिसते. दुसरी प्रत शोधायला बसलं की 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांनी बघितलेली', 'एकदम फायनल' अशा चार वर्ड फायली निघतात आणि स्वीकारलेली कोणती ते लेखकालाच सांगता येत नाही. यावर आमचा उपाय साधा आहे: 'तुमचा निबंध स्वीकारला आहे' ही ईमेल ज्या दिवशी येते, त्याच दिवशी शेवटची वर्ड फाइल त्या ईमेलसकट स्वतःलाच पाठवून ठेवा. दोन वर्षांनी सापडते.

जर्नलचं धोरण बघायला शेर्पा रोमिओ हे संकेतस्थळ होतं. आता ते ओपन पॉलिसी फाइंडर या नावाने चालतं. जर्नलचं नाव टाकलं की कोणती प्रत, कुठे आणि किती महिन्यांनी ठेवता येईल ते दिसतं. मराठी नियतकालिकं मात्र तिथे शोधू नका.

मग मराठी त्रैमासिकात आलेल्या लेखाचं काय? तिथे कसला करारच केला नव्हता.

उलट तुमची बाजू भक्कम आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. तुम्ही लेख पाठवला, त्यांनी छापला, पोस्टाने दोन अंक आले, एवढ्याने कॉपीराइट संपादकांकडे जात नाही. तरी आम्ही लेखकांना संपादकांना दोन ओळींची ईमेल टाकायला सांगतो. मराठीत हा व्यवहार शब्दावर आणि ओळखीवर चालतो, आणि उद्या त्याच संपादकांकडे तुम्हाला पुढचा लेख पाठवायचा असतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. "अंकाचा उल्लेख करा" एवढंच म्हणतात. तो तर आम्ही करतोच.

मी प्रकाशकाच्या करारावर न वाचता सही केली. आता?

करार शोधा आणि आमच्याकडे आणा. आपल्या कायद्यात एक सोय आहे: हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी प्रकाशक दोन्ही व्यवस्थित लिहून घेतात, त्यामुळे तिथे फार आशा ठेवू नका. पण त्यांच्याच करारात 'लेखकाकडे राहणारे हक्क' असा परिच्छेद असतो आणि स्वीकृत प्रतीची परवानगी बहुधा तिथेच असते.

एम्बार्गो म्हणजे काय?

फाइल आमच्याकडे जमा होते, नोंद सगळ्यांना दिसते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मजकूर उघडत नाही. तारीख उलटली की सिस्टीम तो आपोआप खुला करते. तुम्हाला परत यावं लागत नाही.

माझा प्रबंध मराठीत आहे. डीटीपीवाल्याने श्री-लिपीत केला आहे. पीडीएफ छान दिसते. चालेल ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि उत्तर आहे: दिसायला चालेल, शोधायला नाही.

आता एक गोष्ट करून बघा. पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर छान. इंग्रजी अक्षरं, कंस आणि चित्रविचित्र खुणा उमटल्या, तर संगणकाच्या लेखी तुमच्या प्रबंधात मराठीचा एक शब्दही नाही. जुन्या फाँटांत देवनागरी अक्षराचं नुसतं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. श्री-लिपीच्या जुन्या फाँटांत 'महाराष्ट्र' लिहिलं तर त्यातला 'म' आत अंडरस्कोअर म्हणून साठतो आणि काना इंग्रजी 'एम' म्हणून. गूगलला तो अंडरस्कोअर दिसतो, महाराष्ट्र दिसत नाही. पाच वर्षं खपून लिहिलेला ३५० पानांचा प्रबंध रिपॉझिटरीत असतो, पण त्याच विषयावर काम करणाऱ्या पुढच्या मुलीला तो सापडत नाही. ती पुन्हा तेच सर्वेक्षण करते.

म्हणून युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत. आज लिहायला बसत असाल तर पहिल्या ओळीपासूनच इनस्क्रिप्ट किंवा कुठल्याही युनिकोड कीबोर्डने लिहा. फाँट मंगल घ्या, मुक्ता घ्या, तो प्रश्न सौंदर्याचा. प्रबंध आधीच जुन्या फाँटात असेल तर कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा बदलते. एकाच शब्दात दोन्ही आले की कन्व्हर्टर गडबडतो. माझा अनुभव असा की 'आर्थिक' हा एक शब्द शोधून तपासला तर रूपांतर कसं झालंय याचा अंदाज येतो. अर्थशास्त्राचे प्रबंध तपासताना तर एवढ्यानेच काम भागतं. त्यानंतर 'ऱ्या' बघा: 'शेतकऱ्यांच्या', 'दुसऱ्या'. मग अवतरणचिन्हं, मग आकडे. तक्ते शेवटी आणि सावकाश.

अजून एक मेख आहे. फाइल युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ 'प्रिंट' करून काढली तर जोडाक्षरं आत तुटू शकतात. वर्डमधून 'सेव्ह ॲज' करूनच पीडीएफ काढा आणि नोटपॅडची चाचणी पुन्हा करा. आम्ही वर्ड फाइलही मागून घेतो. ती खुली करत नाही, जतन करतो. वीस वर्षांनी पीडीएफमधला मजकूर वाचता येईना झाला तर तीच उपयोगी पडेल.

डीटीपीवाल्यावर हा राग नाही, बरं का. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मार्गदर्शकांनी सिनॉप्सिसच्या वेळीच सांगावं.

पानं स्कॅन करून दिली तर?

सहीची पानं स्कॅन चालतात. बाकी प्रबंध नाही.

फायली प्रकरणागणिक वेगळ्या का मागता?

शोधगंगेची पद्धतच तशी आहे. शीर्षकपानाची फाइल ०१, प्रमाणपत्राची ०२, असं करत प्रकरणं येतात, आणि शीर्षक व निष्कर्ष एकत्र असलेली एक फाइल ८० क्रमांकाने. वाचणाऱ्याला तिसरं प्रकरण हवं असेल तर त्याने सगळा प्रबंध उतरवून का घ्यावा? फाइलच्या नावात देवनागरी आणि रिकाम्या जागा टाळा. कासवगतीच्या इंटरनेटवर ज्यांनी २०० एमबीची फाइल तीनदा चढवून बघितली आहे, त्यांना फोटो लहान करून घ्या असं वेगळं सांगावं लागत नाही.

कळीचे शब्द किती आणि कसे द्यावेत?

पाच ते आठ. पण 'मराठी साहित्य', 'अभ्यास', 'समाज' असले शब्द देऊ नका. त्यांनी काहीच सापडत नाही. सारांश मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत द्या, कळीचे शब्दही. गावांची आणि जिल्ह्यांची जुनी-नवी दोन्ही नावं लिहा: औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर. दहा वर्षांनी शोधणारा यातलं कोणतं टाइप करेल ते आज सांगता येत नाही. उसावर काम असेल तर 'ऊस' आणि 'उस' दोन्ही लिहा. व्याकरणाचे आग्रही रागावतील, शोधयंत्र मात्र आभार मानेल.

लग्नानंतर नाव बदललं. आधीचे निबंध माहेरच्या नावाने आहेत.

ऑर्किड हा संशोधकांचा ओळखक्रमांक काढा. तो १६ अंकी असतो, फुकट मिळतो आणि कुठलंही नाव लावलं तरी बदलत नाही. दोन्ही नावांचे निबंध त्याखाली जमतात. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, या आपल्याकडच्या नेहमीच्या घोळावरही तोच इलाज आहे. पुरुषांनीही काढावा.

प्रबंधात कविता पूर्ण उद्धृत केल्या आहेत. अडचण येईल?

समीक्षेसाठी आणि संशोधनासाठी उद्धृत करायला कायद्याची मुभा आहे. पण विवेचनाला लागतं तेवढंच घ्यायचं. एका कवीच्या चाळीस कविता परिशिष्टात छापणं म्हणजे संग्रहच काढल्यासारखं झालं. कवीच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. असं परिशिष्ट असेल तर आम्ही तेवढी फाइल बंद ठेवतो, बाकी प्रबंध खुला.

मोडी कागदांची आणि हस्तलिखितांची छायाचित्रं असतील, तर ज्या संस्थेने ती काढू दिली तिला इंटरनेटवर टाकण्याबद्दल वेगळं विचारा. 'अभ्यासासाठी' मिळालेली परवानगी तेवढ्यापुरतीच असते. तुम्ही केलेलं लिप्यंतर बिनधास्त ठेवा.

मुलाखती घेतल्या आहेत. लोकांची नावं राहू द्यावीत का?

ज्यांनी नाव छापायला हो म्हटलं त्यांची ठेवा, बाकीच्यांची बदला. तोंडी 'हो' म्हटलं असेल तर कशाला म्हटलं ते आठवा. 'कॉलेजच्या पुस्तकासाठी' मुलाखत दिलेल्या बाईला ती तिच्या पुतण्याच्या मोबाइलवर उघडेल हे ठाऊक नव्हतं. कर्ज, आजार, जात, नवऱ्याची मारहाण असे विषय असतील तर गावाचं नावही झाका. 'तालुक्यापासून ११ किलोमीटरवर, नदीकाठी, एकच माध्यमिक शाळा' असं वर्णन पुढे राहिलं तर नाव झाकूनही गाव ओळखू येतं. एकदा आमच्याकडे असंच एक परिशिष्ट आलं होतं. उत्तरदात्यांच्या यादीत मोबाइल क्रमांकासकट २१२ नावं. विद्यार्थ्याने ती परीक्षकाला पुरावा म्हणून जोडली होती. आम्ही ते पान काढलं, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रबंधाचं परिशिष्ट आधी उघडतो.

ओव्या, लोकगीतं, कहाण्या यांचं मात्र नेमकं उलट. तिथे सांगणारीचं नाव गाळणं हा अन्याय आहे. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह आज पारी या संकेतस्थळावर आहे, त्यात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तालुका लिहिलेला असतो. तसं करा. 'एका वृद्ध स्त्रीकडून' हे संशोधन नव्हे.

खुलं ठेवलं की कुणीही चोरेल!

चोरणारा बंद कपाटातल्या प्रबंधातूनही चोरतो, फक्त तिथे तो सापडत नाही. खुला प्रबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नजरेत येतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य आहे, ४० ते ६० टक्के निघालं तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द होते. मराठीतली चोरी मात्र युनिकोड नसेल तर पकडता येत नाही, हे पुन्हा सांगते.

प्रबंधाचं पुस्तक काढायचं आहे.

काढा. प्रबंधाचा कॉपीराइट तुमचाच राहतो. आम्हाला देता ती फक्त ठेवण्याची आणि दाखवण्याची परवानगी. प्रकाशक आडून बसला तर एम्बार्गो मागा. माझं मत विचाराल तर प्रबंध जसाच्या तसा पुस्तक म्हणून कुणी विकत घेत नाही. पुस्तक नव्याने लिहावं लागतं आणि तसं लिहिलं की रिपॉझिटरीतल्या प्रतीची त्याला अडचण होत नाही. एक सावधगिरी बाळगा. प्रबंध खुला झाला की 'तुमचं मौलिक संशोधन वाचून आम्ही भारावलो, पुस्तकरूपाने छापू' अशा ईमेल येऊ लागतात. त्यांनी वाचलेलं नसतं.

पेटंटचा विचार आहे.

मग थांबा. आधी पेटंटचा अर्ज, मग रिपॉझिटरी. प्रसिद्ध झालेली गोष्ट नवी राहत नाही. ग्रंथालयाच्या शेल्फवर ठेवलेली हार्ड बाउंड प्रतसुद्धा याला अपवाद नाही, म्हणून व्हायवाच्या आधीच आम्हाला सांगा.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं कोणतं लायसन्स निवडू?

हे लायसन्स म्हणजे इतरांना वापरासाठी आधीच दिलेली परवानगी. श्रेय देऊन कुणीही कसंही वापरावं असं वाटत असेल तर सीसी बाय. विकायला मनाई हवी असेल तर एनसी जोडा. एनडी निवडताना विचार करा, कारण बदल करून वाटायला मनाई म्हणजे भाषांतरालाही मनाई. मराठी प्रबंधाचं कुणी कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत भाषांतर करणार असेल तर त्याला का अडवायचं? लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, म्हणून हा एक रकाना घाईत भरू नका.

पैसे किती पडतात?

काही नाही. निबंध खुला करण्यासाठी जर्नल हजारो रुपये, कधी लाखावर मागतं, तो मार्ग वेगळा. स्वीकृत प्रत इथे ठेवली की वाचणाऱ्याला तेवढाच उपयोग होतो. "आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, मग रिपॉझिटरी कशाला," असंही विचारतात. जानेवारी २०२५ पासूनची ती योजना सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं वाचायला देते. खासगी महाविद्यालयातली प्राध्यापिका, तालुक्याचा डॉक्टर, पत्रकार, पदवी घेऊन गावी परतलेला विद्यार्थी त्यात येत नाहीत. आणि त्या वर्गणीने आपण इतरांचं वाचतो, आपलं लिखाण जगाला दिसत नाही.

रिसर्चगेटवर टाकलंय, पुरे नाही का?

रिसर्चगेट ही संशोधकांचं संकेतस्थळ चालवणारी खासगी कंपनी आहे. तिच्यावर दोन मोठ्या प्रकाशकांनी २०१७ मध्ये जर्मनीत दावा लावला होता. तिथे ठेवायचं तर ठेवा, पण मूळ पत्ता रिपॉझिटरीचा द्या. तो कायमचा असतो.

चूक सापडली. फाइल बदलता येईल?

निबंधाची सुधारित प्रत चढवता येते, जुनी 'आधीची आवृत्ती' म्हणून राहते. पदवी मिळालेला प्रबंध बदलता येत नाही, शुद्धिपत्र जोडता येतं. मजकूर काढून टाकायची वेळ आली तरी नोंद राहते आणि कारण लिहिलं जातं.

वडिलांचा १९७० च्या दशकातला टंकलिखित प्रबंध घरी आहे. घ्याल का?

आनंदाने. लेखक हयात नसतील तर हक्क वारसांकडे असतात, म्हणून सगळ्या भावंडांच्या सह्यांचं साधं संमतिपत्र लागेल. मराठी टंकलेखन यंत्रावरच्या मजकुराचं ओसीआर (चित्रातली अक्षरं संगणकाने ओळखणं) पुरेसं नीट होत नाही, त्यामुळे आम्ही पानांच्या प्रतिमा ठेवतो आणि शीर्षक, सारांश, अनुक्रमणिका एवढं हाताने युनिकोडमध्ये टाइप करतो. तेवढ्यानेही प्रबंध सापडतो. घरात कार्बन कॉपीही असेल तर तीही आणा, कधीकधी मूळ प्रतीपेक्षा तिचा कागद चांगला टिकलेला असतो. फक्त घरी स्कॅन करायला म्हणून बाइंडिंग उसवू नका, आणि फाटलेल्या पानांना सेलोटेप तर मुळीच लावू नका.